घर पाहावे वाचून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला घर बांधण्यातला खर्च आणि मनस्ताप यांचा पुरेपूर अनुभव असला पाहिजे. परंतु बांधून झालेले घर पुढच्या पाचसात पिढ्यांनी कसे पाहावे, याविषयी म्हण काहीच सांगत नाही. आणि आपली सगळी पंचाईत नेमकी तेथेच झाली आहे. पुण्या-नाशकात, वाई-साताऱ्यात, वऱ्हाडात, कोकणात जुनी घरे अजून उभी आहेत. त्यांच्यासमोरून आपण रोज जातो, एखादे पडले की हळहळतोही. पण ती आपण पाहिली आहेत काय?

हा प्रश्न मी टीकाकाराच्या अर्थाने विचारतो आहे. लेखक थोर आहे म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही आणि वाचताना डोळे पाणावले एवढ्यानेही ती चांगली ठरत नाही. तिची बांधणी कशी आहे, तिला काय साधायचे होते, कोठे साधले आणि कोठे ती खोटी पडली, हे सांगावे लागते. घर ही तर शब्दशः बांधणीच आहे. मग एवढे साधे, सरळ परीक्षण घराच्याच वाट्याला का येऊ नये?

आपल्याकडे जुन्या घरांविषयी दोन रीतींनी बोलले जाते. पहिली रीत नावाची. येथे अमुक सरदार राहत असत, तेथे तमुक पुढारी उतरले होते, एवढे सांगितले की घर सांगून झाले. शनिवारवाडा हे या रीतीचे सर्वांत मोठे उदाहरण. पहिल्या बाजीरावाने १७३० साली पाया घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले लाकडी महाल जळून गेले. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. दिल्ली दरवाजाच्या अणकुचीदार खिळ्यांपुढे उभे राहून लोक छायाचित्रे काढतात. त्यांचा इतिहासप्रेमाचा भाव खरा आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ते जे पाहतात ते घराचे कवच आहे. घर दोनशे वर्षांपूर्वी जळाले. तेथून थोड्याच अंतरावर दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास पुरा केलेला विश्रामबागवाडा आहे. त्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू आजही डोळे भरून पाहावी अशी आहे. आणि दिवाळीच्या खरेदीसाठी लक्ष्मी रस्त्याकडे लोटणारी हजारो माणसे, हातांत पिशव्या आणि कडेवर मुले घेऊन, मान वर न करता तिच्याखालून निघून जातात. एकीकडे नाव मोठे आणि घर नाही. दुसरीकडे घर आहे आणि नावाला तेवढे तेज नाही. नावाच्या मागे लागणाऱ्यांची निवड ठरलेलीच असते.

दुसरी रीत गहिवराची. ओसरीवरचा झोपाळा, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, आजीचे जाते, परसातला प्राजक्त. यादी वाचता वाचताच कंठ दाटून यावा अशी सोय असते. या गहिवराचा आता चांगला व्यापार झाला आहे. भोजनगृहाच्या तोंडाशी नक्षीदार जुना दरवाजा बसवतात आणि आत पाटाऐवजी खुर्च्या मांडतात. वाडा पाडून बांधलेल्या सहामजली इमारतीला त्याच वाड्याचे नाव देतात. दरवाजा ज्या चौकटीत होता ती चौकट कोठे गेली, हे कोणी विचारत नाही. गहिवराला घर नकोच असते. त्याला घराची आठवण पुरते, आणि आठवणीला घरपट्टी भरावी लागत नाही.

या दोन्ही रीती बाजूला ठेवून वाडा एकदा नुसता वाचून पाहावा. सुरुवात दरवाजापासून करावी. मोठ्या दरवाजाच्या पोटात एक छोटी दिंडी असते. तिच्यातून आत शिरताना मान लववावीच लागते. घर पाहुण्याला नमस्कार करायला लावते आणि तसेच एका वेळी एकच माणूस आत येईल अशी काळजीही घेते. शिष्टाचार आणि संरक्षण या दोन गोष्टी एकाच लाकडी फळीने साधल्या आहेत. पुढे देवडी. मग पहिला चौक, जेथे कारभार चाले आणि परका माणूस बसू शके. त्याच्या आत दुसरा चौक, जो घरच्यांचा. मोठ्या वाड्यात त्याच्याही मागे तिसरा, स्वयंपाकघराचा, आडाचा आणि धुण्याभांड्यांचा. विश्रामबागवाड्याला असे तीन चौक आहेत. कादंबरीची प्रकरणे जशी वाचकाला क्रमाने आत नेतात तसे हे चौक माणसाला आत नेतात; आणि कोणाला कोणत्या प्रकरणापर्यंत वाचू द्यायचे, हे घराने ठरवून टाकलेले असते.

ओसरी ही या बांधणीतली सर्वांत सुंदर युक्ती. ती धड आत नाही, धड बाहेर नाही. पाऊस तेथे दिसतो पण लागत नाही. पाहुणा तेथे घरात असतो आणि नसतोही. भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, परवचा म्हणणे, भांडण मिटवणे, सारे तेथे होई. आजच्या घरांत सोफा आहे, गच्ची आहे. पण ओसरीचे काम करणारी जागा काही मला आढळत नाही.

आता सांगाडा पाहू. खाली घडीव दगडांचे जोते. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भार लाकूड वाहते आणि भिंत दोन खांबांमधली जागा भरून काढते. म्हणूनच पडक्या वाड्यात कित्येकदा भिंत ढासळलेली दिसते आणि चौकट मात्र ताठ उभी असते. पेशवाईच्या वळणाच्या वाड्यांत खांबाला सुरूच्या झाडाचा घाट दिलेला असतो आणि माथ्याशी केळफुले लोंबतात. ही नक्षी केवळ हौसेची नाही. खांब आणि तुळई यांचा जो सांधा डोळ्याला अवघड वाटला असता, तोच कारागिराने पाहण्याजोगा केला आहे. जेथे भार सर्वांत जास्त, तेथेच शोभा सर्वांत जास्त. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी हे शिकण्यासारखे आहे. आम्ही बहुधा जेथे भार नाही तेथे नक्षी करतो.

येथवर स्तुती झाली. परीक्षण येथेच थांबले तर ते आरती होईल. वाड्याचा मोठा दोष उजेडाचा. चौक हाच त्याचा मुख्य डोळा. चौकापासून जो जो दूर जावे तो तो काळोख दाट होतो. आणि या काळोखाची वाटणी सारखी नव्हती. दिवाणखाना माडीवर, वाऱ्यावर. माजघर आत, अंधारात. बाळंतिणीची खोली सर्वांत अंधारी. ज्या भिंती वैशाखात गारवा देतात त्याच भिंतींनी कित्येक बायकांची उभी आयुष्ये रस्त्यापासून तोडून ठेवली. कोपऱ्यातल्या खोलीत अलवण नेसून बसलेली विधवाही याच नकाशाचा भाग होती. देवडीचेही तसेच. काही जणांसाठी ती येण्याची जागा होती, काहींसाठी थांबण्याची, आणि काहींना तेथवरही येता येत नव्हते. ज्या हातांनी दगड घडवला आणि चुना वाहिला, त्यांतल्या अनेकांना वास्तुशांत झाल्यावर उंबरा ओलांडता आला नाही. वाड्याचे गुण सांगताना हे गाळणे म्हणजे पुस्तकातली पाने फाडून परीक्षण लिहिणे होय.

आपल्या साहित्याने या बाबतीत माहितीपत्रकांपेक्षा कितीतरी अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा हा वाडा. घरचा कर्ता गेला आहे आणि त्याच्या तेराव्याचा खर्च घराण्याच्या इतमामाने कसा करावा, हा प्रश्न आहे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. हुशार प्रभाचे पुढचे शिक्षण याच वाड्याच्या प्रतिष्ठेपायी थांबलेले आहे. नाटककाराला वाड्याविषयी माया आहे, हे वाक्यावाक्यात जाणवते. पण ती माया त्याचे डोळे झाकत नाही. चिरेबंदी हा शब्दच त्याने दुधारी करून टाकला. जे ढासळत नाही ते कोणाला बाहेरही पडू देत नाही. वाडा हे तेथे मागचे चित्र राहत नाही. तो नाटकातले एक पात्र होतो, आणि प्रेक्षक त्याच्यावर रागावतोही.

व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी १९६४ ची. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव जी घरे जाळली गेली, तिच्यापाठीमागे त्या दिवसांचे वास्तव आहे. घर जळताना पाहणे म्हणजे काय, हे ती कादंबरी आवाज न चढवता सांगते. या दोन कृती शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीत घर माणसांना कोंडते, दुसरीत घर गेल्यावर माणसे उघडी पडतात. जुन्या घराविषयीचे पुरे सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि जतनाचा विचार करणाऱ्याने दोन्ही टोके हातांत धरली पाहिजेत.

म्हणूनच प्रत्येक घर वेगळे वाचावे लागते. वाडा म्हणजे सरंजामी, वाडा म्हणजे अंधार, असा सरधोपट निकाल देता येत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. ज्या बांधणीने बायकांना माजघरात ठेवले, त्याच बांधणीतल्या एका जागेत मुली पाटीवर अक्षरे काढू लागल्या. गंज पेठेतल्या फुल्यांच्या स्वतःच्या घरी तर हौदच बोलतो. १८६८ साली जोतीरावांनी तो अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. इतर वाड्यांत हौद ही सोय असते. या घरात तो निर्णय आहे. घर पाहायला जाणाऱ्याने तेथे खांबांची नक्षी नाही म्हणून निराश होऊ नये. तेथले सर्वांत मोलाचे काम पाण्यात झालेले आहे.

या दोन वास्तूंचे पुढे काय झाले तेही पाहा. फुल्यांचे घर सांभाळले गेले आणि आज लोक तेथे जाऊन हौद पाहू शकतात. भिडेवाडा मात्र वर्षानुवर्षे दुकाने, भाडेकरू आणि कोर्टकचेरी यांत अडकून पडला, मोडकळीला आला आणि राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. स्मारक व्हावे, भव्य व्हावे. त्याला विरोध कोण करील? पण स्मारक आणि घर यांत भेद आहे, हे तरी आपण मान्य केले पाहिजे. मुलींचे पाय ज्या उंबऱ्यावरून गेले तो उंबरा नव्याने घडवता येत नाही. तो वाडा पडला एका रात्रीत; पण पडायला त्याने कितीतरी दशके घेतली, आणि त्या दशकांत आपण सारे त्या रस्त्यावरून जात-येत होतो.

वाडे पडतात ते का? नुसत्या अनास्थेने पडतात असे म्हणणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबई राज्यात जुन्या जागांची भाडी साधारणपणे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. महागाईत होरपळणाऱ्या भाडेकरूला त्याने आधार दिला, हे खरे. परंतु पुढे अर्धे शतक लोटले आणि मालकाच्या हाती पडणाऱ्या रकमेत कौले चाळण्याची मजुरीही निघेना. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली. चाळीस रुपये भाड्यावर ही वाढ एक रुपया साठ पैसे होते. तुळई बदलायला लागणारे सागवान त्यात कसे यावे? मालकाला वाडा पडावा असे वाटू लागते, भाडेकरूला आपली जागा जाईल अशी भीती वाटते, वारसांची संख्या पिढीगणिक वाढत जाते, आणि सात-बारा सह्यांशिवाय गळणारे एक कौलही बदलता येत नाही. यात खलपुरुष कोणीच नाही. म्हणूनच हे दुःख कठीण आहे.

त्यात पाण्याची भर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेकाठच्या पेठांतील मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले. तो प्रलय होता. पण रोजचा प्रलय याहून लहान असतो. एक कौल सरकते, पाणी भिंतीत उतरते, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक कुजते, वाळवी लागते. मग कोणी भला माणूस पोपडे धरलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून देतो. चुना आणि माती ओल बाहेर जाऊ देतात. सिमेंट ती आत कोंडते. वरून भिंत झकास दिसते आणि आतून गळत जाते. घाणीत मळलेला चुना, त्यात गूळ आणि हिरडा घालण्याची रीत, ही जुनी माणसे उगाच करत नव्हती. दुरुस्ती करणाऱ्यानेही घर वाचलेले असावे लागते. अज्ञानाची दुरुस्ती अनास्थेइतकीच घातक ठरते.

मग राखावे काय आणि कसे? प्रत्येक वाडा संग्रहालय होऊ शकत नाही, होऊही नये. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी जुन्या घरांतले दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जन्मभर वेचली आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ते नसते तर आपण फार दरिद्री झालो असतो. तरीही संग्रहालयातला दरवाजा कोठेच उघडत नाही. घराचे घरपण वापरात आहे. विश्रामबागवाडा टिकला तो त्याला सतत काम मिळत गेले म्हणून. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ साली आगीने त्याचे नुकसान केले, पुढे तेथे नगरपालिकेचे कामकाज चालले. ही कामे त्याच्या दिमाखाला शोभणारी नव्हती, असे कोणी म्हणेल. माझे मत उलट आहे. राजाविना राहू शकले, हाच त्या घराचा खरा गुण.

घर त्याच्या परिसरासह राखावे, हे दुसरे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा वाडा आहे. तेथे वाडा, मागचा घाट, घाटावरची देवळे आणि नदी हे सगळे मिळून एक वाक्य होते. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटाही तेथे टांगलेली आहे. यातले एक उचलून दुसरीकडे नेले तर अर्थ उरणार नाही. आपल्या गावातली आळी, पार, आड आणि दोन्हीकडच्या ओसऱ्या यांचेही असेच आहे.

कायदे आहेत. महाराष्ट्रात प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० सालचा आहे. मुंबईने १९९५ साली वारसावास्तूंसाठी नियम केले आणि देशात त्या बाबतीत पायंडा पाडला. पण कायदा यादीतल्या घराला राखतो. यादीबाहेरच्या साध्या, बिननावाच्या, दोन खणी घराला त्याच्या माणसांवाचून कोण आहे? वर्गात मुलांना मी निबंधाऐवजी कधी कधी आपल्या घराचा नकाशा काढायला सांगतो. जुन्या घरातली मुले घरी जाऊन विचारतात, कोनाडा कशासाठी, बळद कोठे होते, ही खोली बंद का असते. उत्तरे आजीकडे असतात, आणि आजीला ती विचारणारे पहिल्यांदाच कोणी भेटलेले असते.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पुष्कळ जण फराळासाठी मूळ घरी गेलेले असतील. मुले अंगणात किल्ला करीत असतील. एक दुपार काढून त्यांच्याबरोबर घरभर हिंडावे. नकाशा काढावा, मापे लिहावीत, कोण कोठे बसत असे आणि कोणाला कोठे बसू देत नसत, तेही लिहावे. दुसरी गोष्ट लिहायला संकोच वाटेल, म्हणून तीच आधी लिहावी. माडीवर जाऊन कौलांतून उजेड येतो का पाहावे. येत असेल तर पुढच्या पावसाच्या आत कौल बसवून घ्यावे. भावाच्या सहीची वाट पाहू नये, त्याला तेथेच जिन्यावर बोलावून घ्यावे. तो दिवाळीला आलेलाच असतो.